तिसरा प्रश्न एकट्यात विचारायचा

खरं सांगते, भुताखेताच्या गोष्टी मला आवडत नाहीत.

सांगणारा थापा मारतोय, असंच मला आधी वाटतं. त्यामुळे तुम्हाला माझ्याबद्दल तसं वाटलं तर मला राग येणार नाही. पण हे माझ्यासोबत घडलंय आणि मी पूर्ण शुद्धीत होते.

रात्र नव्हती. अमावस्याही नव्हती.

एप्रिल २००३. दुपारचे दोन. रणरणतं ऊन.

जागा म्हणजे आळेफाट्याजवळचा एक लहान दवाखाना. नाव सांगत नाही, कारण आमचे डॉक्टर, म्हणजे सर, अजून तिथंच बसतात. दहा खाटा, एक ईसीजी मशीन आणि मी. मी पुष्पा, तिथली सिस्टर.

माझा स्वभाव मुळातच संशयी. आम्ही मेंढरांवाले. आमचा बा संध्याकाळी मेंढरं कोंडायच्या आधी मोजायचा आणि मोजून झाली की पुन्हा मोजायचा. एक कमी भरलं तर लांडगा किंवा चोर. "आन एक जास्ती भरलं तर गप ऱ्हायचं," बा म्हणायचा. "ते कुनाचं हाय ते बघाया जायाचं न्हाई." ती मोजायची सवय मला दवाखान्यातही होती. किती आत आले, किती बाहेर गेले, माझ्या डोक्यात आपोआप चालायचं.

छातीत दुखतंय म्हणून कोणी आलं की सर तीन प्रश्न विचारायला लावायचे. दुखणं कसं आहे? घरात कोणाला हृदयाचा त्रास आहे? आणि तिसरा, काय घेतलंय? गांजा, गोळ्या, ताकदीचं इंजेक्शन, काहीही.

"तरुण पोराची ईसीजीची पट्टी फसवते," सर सांगायचे. "आत्ता चांगली, दोन तासांनी वाईट. घेतलंय म्हणाला तर बारा तास खाटेवरून हलवायचा नाही. आणि तिसरा प्रश्न एकट्यात विचारायचा. बापासमोर पोरगं बिडीसुद्धा कबूल करत नाही."

माणसं बाहेर काढणं हे माझं काम. आणि ते मला चांगलं जमायचं. तोंडाळ म्हणून माझी ख्यातीच होती.

त्या दिवशी मात्र जमलं नाही.

यात्रेचे दिवस होते. गावोगावी कुस्त्यांचा हगामा. त्या दुपारी एक जीप करकचून थांबली आणि चौघांनी एका पैलवानाला आत आणलं. अंगाला आखाड्याची लाल माती तशीच. डावा कान मोडलेला. वय बावीस. नाव सयाजी, गाव डिंगोरे.

कुस्ती जिंकून बाहेर आला आणि छाती धरून बसला म्हणे.

नाडी एकशे चाळीस. घाम असा की पट्टीचे चिमटे अंगावर टिकेनात.

आत आलेले चौघे म्हणजे त्याचे वडील भागू, दोन पैलवान पोरं आणि त्याचे वस्ताद रखमाजी. वस्तादांचा तालुक्यात मान मोठा. ते आले की बसलेली माणसं उठून उभी राहायची.

"सगळे बाहेर व्हा," मी म्हणाले.

पोरं गेली. भागूबाबा घुटमळले. वस्ताद खाटेपलीकडच्या कोपऱ्यात हाताची घडी घालून उभे राहिले.

"आमच्या म्होरं इच्यारा, सिस्टर. आईनं जलम दिला आसंल, पर पैलवान म्या केलाय. आमच्यापसून काय लपनार हाय त्याचं?"

मी त्यांना हाकलायला हवं होतं. पण सर बाळंतपणात अडकलेले, बाहेर दोन डोकी फुटलेली, आणि खरं सांगायचं तर समोरचा माणूस मोठा होता. मी गप्प बसले आणि केसपेपर पुढं ओढला.

"काय घेतलंय का रे?"

सयाजीनं तोंड उघडलं...

कोपऱ्यात वस्ताद खाकरले.

एवढंच. घसा साफ करावा तसं.

"काय नाय घेतलं," सयाजी म्हणाला. "दूध आन खारीक."

मी लिहिलं: काही नाही.

सर आले. पट्टी पाहिली. नुसता वेग जास्त, बाकी स्वच्छ. तासाभरानं दुसरी काढली, तीही स्वच्छ. कोवळं वय, ऊन, कुस्तीची दमछाक, आणि घेतलेलं काही नाही. सरांनी दोन बाटल्या सलाईन लावलं आणि चार वाजता जायला सांगितलं.

सगळे जीपकडे गेले. सयाजी दारातून एकटाच मागं फिरला. शर्टाची बटणं उघडीच. माझ्या टेबलाशी येऊन खालच्या आवाजात म्हणाला, "सिस्टर... पुन्यांदा इच्यारा ना."

"काय विचारू?"

बाहेरून खाकरल्याचा आवाज आला. तो गेला.

मला वाटलं, पैलवानगडी आहे, सिस्टरशी लाडात येतोय. मी चक्क हसले. ते हसू मला आजही आठवतं, आणि स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

जीप यात्रेच्या गर्दीत अडकली. सहा वाजता, डिंगोऱ्याला पोचायच्या आत, सयाजीनं जीपमध्येच प्राण सोडला.

त्याच्या पिशवीत कुस्तीच्या लंगोटाच्या घडीत इंजेक्शनची रिकामी बाटली सापडली. ऑपरेशनच्या वेळी पडलेलं बीपी वर आणायला वापरतात, ते औषध. पोरं ताकदीसाठी टोचून घ्यायची. कोणी आणून दिलं, ते तालमीतलं एकही पोरगं बोललं नाही. सगळ्यांनी कानावर हात ठेवले.

पोलीस केसपेपर न्यायला येणार होते. सरांनी मला विचारलं, "पुष्पा, एकट्यात विचारलं होतंस ना?"

"हो सर."

कसं तोंडातून गेलं, कळलं नाही. मग मी कपाटाशी गेले, केसपेपर काढला आणि 'काही नाही'च्या पुढं मोकळ्या जागेत लिहिलं: एकट्यात विचारले. नाही म्हणाला.

शाई तीच. अक्षर माझंच. कोणालाही संशय आला नाही. जगावर संशय घेणारी मी, माझ्यावर कोणी घेतला नाही.

पुढच्या चैत्रात भागूबाबा कांद्याची पिशवी घेऊन दवाखान्यात आले. मला म्हणाले, "सिस्टरबाई, तुमचा काय दोष न्हाई. तुमी त्याला येकट्यात इच्यारलं, तरीबी खोटं बोललं माजं पोरगं. सोताच्या मरनाला सोताच कारन झालं. त्याचा फोटू म्या भिंतीकडं त्वांड करून टांगलाय."

मी कांदे घेतले.

घेतले, हो. काय सांगू तुम्हाला.

आता २००५ ची गोष्ट. महिना तोच, चैत्र. दुपारी एक ते पाच लोडशेडिंग. पंखे बंद, दवाखाना चिडीचूप. ईसीजी मशीन बॅटरीवर.

जीप थांबली. चौघे एका पोराला घेऊन आत आले. मी नेहमीसारखी पुढं झाले.

तो पप्पू होता. माझा भाचा, सख्ख्या भावाचा मुलगा. मी त्याची आत्या. एकोणीस वर्षांचा, मी अंगाखांद्यावर खेळवलेला. त्याच्या मागं माझा भाऊ म्हस्कू, दोन पैलवान पोरं...

आणि रखमाजी वस्ताद.

पप्पू त्यांच्या तालमीत जातो, हे माझ्यापासून सगळ्यांनी लपवलं होतं. माझ्या सख्ख्या भावानंसुद्धा.

छातीत दुखत होतं. नाडी एकशे चाळीस. पट्टी काढली. नुसता वेग जास्त, बाकी स्वच्छ.

मला ती पट्टी ओळखीची वाटली.

"बाहेर!" मी ओरडले. "सगळे बाहेर!"

वस्ताद काही बोलणार होते. मी त्यांच्या छातीला हात लावून त्यांना मागं सारलं. मी दारात उभी राहून मोजलं. एक, दोन, तीन, चार. चार आत आले, चार बाहेर गेले. दार लावलं.

"पप्पू, काय घेतलंयस?"

"काय नाय, आत्या."

"खरं सांग. मी कोणाला सांगणार नाही."

"आईच्यान काय नाय, आत्या."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. खोलीत वडीलधारं माणूस अजून होतंच. मी! मी आत्या. माझ्यासमोर तो बिडीसुद्धा कबूल करणार नव्हता. आज कळलं ते बापाला उद्या कळणार, हे त्याला पक्कं ठाऊक.

आणि मग दुसरी गोष्ट लक्षात आली.

तो माझ्याकडे बघतच नव्हता.

तो खाटेशेजारच्या स्टुलाकडे बघत होता. स्टूल रिकामं होतं.

मी सरांना बोलवायला बाहेर पडले. दार मीच ओढून घेतलं. सर मागच्या खोलीत जेवत होते, ताट तसंच टाकून निघाले. आम्ही दोघं दाराशी आलो तर...

आत पप्पू बोलत होता.

हळू आवाजात. थांबून थांबून. कोणी प्रश्न विचारावा आणि त्यानं उत्तर द्यावं, तसं. मधल्या प्रश्नाचा आवाज मात्र नव्हता. नुसती शांतता आणि मग पप्पूचं "हां", पुन्हा शांतता आणि पप्पूचं "सकाळीच".

मी मागं वळून मोजलं. म्हस्कू, दोन पोरं, वस्ताद. चारही बाकावर.

आत स्टूल फरशीवर सरकलं.

सरांनी दार ढकललं. पप्पू एकटा. डोळे मिटलेले. उजव्या हाताला सलाईन, हात पुठ्ठ्याला बांधलेला. केसपेपर मी टेबलावर ठेवला होता, खाटेपासून चार पावलांवर.

तिसऱ्या प्रश्नापुढची जागा मी कोरी सोडली होती.

ती भरलेली होती.

'घेतलंय. दोन टायमाला. आठ आन आकरा.'

अक्षर मोठं, वेडंवाकडं, पेन कधी फारसं न धरलेल्या माणसाचं. सरांना वाटलं मी घाईत लिहिलं. त्यांनी वाचलं आणि एवढंच म्हणाले, "हा आता बारा तास हलणार नाही."

म्हस्कू भांडला. वस्ताद म्हणाले, "नुसतं ऊन लागलंय, डाक्टर." सर ऐकेनात. सयाजी गेल्यानंतर त्यांनी शॉकचं मशीन आणलं होतं. ते त्यांनी पप्पूच्या उशाशी ओढून ठेवलं.

पाच वाजता पट्टी बदलायला लागली.

सहा वाजता पप्पूचं हृदय बंद पडलं.

दोनदा शॉक दिला. मी छाती दाबत होते आणि तोंडानं त्याला शिव्या देत होते. दुसऱ्या शॉकनंतर ठोका परत आला. त्याच रात्री त्याला अँब्युलन्सनं पुण्याला पोचवलं. चार वाजता सोडला असता तर सहा वाजता तो जीपमध्ये असता.

आठव्या दिवशी मी पुण्याला त्याच्याजवळ बसले होते. म्हस्कू चहाला गेला होता.

"आत्या," पप्पू म्हणाला, "त्यो पैलवान कोन व्हता गं?"

"कोण पैलवान?"

"स्टुलावं बसला व्हता त्यो. कान मोडल्याला. तू भायेर गेलीस ना, मग त्यानंच इच्यारलं. मी सांगितलं. माज्याच वयाचा, त्याला सांगाया काय लाज?"

मी खाटेजवळ सरकले.

"अजून काय म्हणाला?"



"म्हनला... मला येकट्यात कुनी इच्यारलंच न्हाई. तुज्या आत्यानं कागदावं लिवलंय, ते खोटं हाय. आसं का म्हनला गं?"

ते दोन शब्द मी कपाटाशी एकटी असताना लिहिले होते. सरांना माहीत नव्हतं. घरात माहीत नव्हतं. पप्पूला कळायची काही सोय नव्हती.

दवाखान्यात परतल्यावर मी सयाजीची फाईल काढली. ईसीजीचा तो कागद उष्णतेवर उमटतो. वर्ष-दोन वर्षांत फिका पडून पांढरा होतो, म्हणून आम्ही झेरॉक्स काढून ठेवायचो. त्या वर्षीच्या सगळ्या पट्ट्या कोऱ्या झाल्या होत्या.

सयाजीची पट्टी काळीभोर होती. आत्ताच काढल्यासारखी.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं मी डिंगोऱ्याला गेले.

भागूबाबा ओट्यावर कांदे निवडत होते. मी उभ्या उभ्याच सांगितलं. मी त्याला एकट्यात विचारलं नाही. तो बोलणार होता, वस्ताद खाकरले. जाताना तो मला पुन्हा विचारा म्हणाला आणि मी हसले. कागदावरचं मी नंतर लिहिलं, नोकरी वाचवायला.

म्हाताऱ्यानं हातातला कांदा खाली ठेवला.

"दोन वरसं," तो म्हणाला. "दोन वरसं म्या पोराला शिव्या घातल्या, बाई."

मग उठून आत गेला. भिंतीवरचा फोटो सुलटा केल्याचा आवाज मला बाहेर ऐकू आला. खिळ्यावर काच घासली. तो परत बाहेर आलाच नाही. आतूनच म्हणाला, "जावा तुमी आता."

मी सरांनाही सांगितलं. ते चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत, मग बोलायला लागले. भागूबाबा पुन्हा कधी आले नाहीत. त्यांनी मला माफ केलं नाही, आणि करावं असं मी म्हणतही नाही.

हे इथं संपलं असतं तर मी सांगत बसले नसते.

त्यानंतर दोन वर्षं एक गोष्ट चालू राहिली. छातीत दुखतंय म्हणून तरुण पोरगं आलं, मी सगळ्यांना बाहेर काढलं आणि तिसरा प्रश्न विचारला, की ते आधी स्टुलाकडे बघायचं. मग धडाधड खरं बोलायचं. कोण गोळ्या, कोण इंजेक्शन, एकानं तर चक्क बैलाचं औषध कबूल केलं. "पुष्पा, तुझ्याशी पोरं बोलतात बघ," सर म्हणायचे. मी स्टूल पुसून ठेवायची. त्यावर कधी कोणाला बसू दिलं नाही.

मला त्याची भीती वाटत नव्हती. उलट आधार वाटायचा.

२००७ च्या दिवाळीत रखमाजी वस्ताद वारले. झोपेत गेले. गावानं मोठी मिरवणूक काढली.

त्यानंतर पंधरा दिवसांत राजुरीहून एक पोरगं आलं. तेवीस वर्षांचं. छातीत दुखतंय. तीन माणसं सोबत. तिघं आत, तिघं बाहेर, मी नीट मोजलं. दार लावलं.

"काय घेतलंयस का रे?"

त्यानं स्टुलाकडे पाहिलं. चेहरा मोकळा झाला. तोंड उघडलं...

आणि त्याची नजर स्टुलावरून खाटेपलीकडच्या कोपऱ्यात गेली.

तोंड मिटलं.

"काय नाय घेतलं, सिस्टर."

मी कोपऱ्याकडे पाहिलं. भिंत होती. कॅलेंडर होतं.

त्या दिवसापासून आज २००९ पर्यंत एकही पोरगं माझ्याशी खरं बोललेलं नाही. आधी स्टूल, मग कोपरा, मग गप्प. मी खोली बदलून पाहिली. खाट फिरवून पाहिली. मी बाहेर जाऊन दाराला कान लावून उभी राहिले. आत स्टूल सरकतं. कोणीतरी विचारतंय हे मला कळतं. उत्तर येत नाही.

आता आम्ही कोणाच्याच बोलण्यावर जात नाही. घेतलंय म्हणो, नाही म्हणो, तरुण पोरगं बारा तास ठेवून घेतो. नातेवाईक सरांना लुटारू म्हणतात. म्हणू देत.

गेल्या मंगळवारीच एक आलं होतं. भर दुपारी. मी सगळ्यांना बाहेर काढलं, दाराला आतून कडी घातली आणि प्रश्न विचारायच्या आधी कोपऱ्याकडे तोंड करून मोठ्यानं म्हणाले, "वस्ताद, बाहेर व्हा."

सहा वर्षांपूर्वी म्हणायला हवं होतं, ते.

खोलीत कसलाच आवाज नव्हता. पोरगं माझ्याकडे वेड्यासारखं बघत होतं.

"काय घेतलंयस, बाळा?"

त्यानं स्टुलाकडे पाहिलं. ओठ हलले.

आणि कोपऱ्यात... अगदी हळू... कोणीतरी खाकरलं.